छोट्या कॉलेजात नर्सिंग सुरू करायचं म्हणताय? आधी हॉस्पिटलात जाऊन या

प्रश्न असा होता, थोडा आटोपशीर करून देते: "मी पेनसिल्वेनियात एका छोट्या लिबरल आर्ट्स (भाषा, तत्त्वज्ञान, विज्ञान असं सगळं शिकवणाऱ्या) कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. विद्यार्थी साधारण ११००. माझं टेन्युअर, म्हणजे नोकरी कायम होणं, अजून व्हायचंय. कॉलेजला आता हेल्थ सायन्सेस वाढवायचंय, नर्सिंग, पब्लिक हेल्थ आणि पुढेमागे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांबरोबर पेशंट तपासणारे) सुद्धा. डीननी मला कमिटीवर घातलंय. जुने प्राध्यापक म्हणतात की आपण कॉलेजचा आत्मा विकायला काढलाय. आपल्या मराठी लोकांपैकी कोणी यातून गेलंय का? हे खरंच चालतं का, आणि मी यात पडू का?"

मी गेलेय यातून. फार सुरेख निभावलं असं म्हणणार नाही, पण निभावलं. मी मूळची मिरजेची, गेली बावीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात अॅनाटमी-फिजिऑलॉजी शिकवते, आमचे विद्यार्थी चौदाशेच्या आसपास. आमच्याकडे आधी पब्लिक हेल्थ आलं, मग नर्सिंग आलं, आणि फिजिशियन असिस्टंटचं प्रकरण अर्ध्यावर सोडून दिलं (ते सोडलं हे आमचं सगळ्यात शहाणपणाचं काम, त्याबद्दल खाली). नंतर अशाच तीनचार कॉलेजांनी "तुम्ही कसं केलंत" म्हणून बोलावलं तेव्हा तिथलंही आतून बघायला मिळालं. सगळीकडे साधारण एकाच जागी घोडं पेंड खातं, आणि ती जागा तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीये, म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे तुमच्या डीनच्या डोक्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, आपल्या मुलांना आरोग्याच्या क्षेत्रात जायचंय तर त्यांना चांगलं काय शिकवता येईल. दुसरा, वर्गातली मुलं कमी होताहेत, पैसे कुठून आणायचे. दोन्ही प्रश्न खरे आहेत, दुसऱ्याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांवर मुलं जन्मली, तो उच्चांक होता, मग २००८ ची मंदी आली आणि जन्म घटत गेले ते घटतच गेले. २००७ ची ती मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे आता इथून पुढे दर वर्षी कॉलेजच्या दाराशी येणारी मुलंच कमी. तुमच्याच राज्यात कॅब्रिनी युनिव्हर्सिटी २०२४ मध्ये बंद झाली, ते तुमच्या प्रेसिडेंटला रात्री झोपेत दिसत असणार. पण या दोन प्रश्नांची घड्याळं वेगळी चालतात हो. बजेटमधलं भोक येत्या दोन वर्षांत बुजवायचं असेल तर नर्सिंग त्यासाठी नाही. नर्सिंग आधी पैसे खातं, बरीच वर्षं खातं, आणि मग कुठे द्यायला लागतं.

हिशोब करून बघा. डायरेक्टर शोधायला एक वर्ष, कारण डायरेक्टर नसेल तर राज्याचं नर्सिंग बोर्ड तुमच्याशी गंभीरपणे बोलत नाही. मग अभ्यासक्रम लिहायचा, बोर्डाची मंजुरी, कॉलेजच्या मुख्य अॅक्रेडिटेशनवाल्यांना, म्हणजे कॉलेजला मान्यता देणाऱ्या संस्थेला, कळवायचं, तुमच्याकडे ती मिडल स्टेट्स. हे सगळं झाल्यावर पहिली बॅच. ती पहिल्या वर्षाला आली तर चार वर्षांनी बाहेर पडणार, आणि मग त्यांची एनक्लेक्स, म्हणजे लायसन्सची परीक्षा. मधल्या काळात सीसीएनईचं, म्हणजे नर्सिंगच्या प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, अॅक्रेडिटेशन, त्यांची माणसं बघायला येतात तेही मुलं किमान एक वर्ष शिकून झाल्यावर, म्हणजे पहिल्या बॅचच्या आईबापांना तुम्ही सांगणार "अॅक्रेडिटेशन येईल, आम्ही अर्ज केलाय". ते विश्वास ठेवतात बिचारे. एकूण, आज ठरवलंत तर पहिला खरा निकाल हातात यायला सहा वर्षं. त्या निकालात सीसीएनईची अट ८० टक्के मुलं पास होण्याची, आणि राज्यांचे आपापले नियम वेगळे. पहिली बॅच वीस जणांची असेल तर पाच नापास झाले की तुम्ही ७५ वर. मोठ्या युनिव्हर्सिटीत पाच मुलं म्हणजे काहीच नाही, छोट्या कॉलेजात पाच मुलांनी अख्खा प्रोग्रॅम वॉर्निंगवर जातो.

आता ती जागा, जिथे घोडं अडतं. आमच्या मिरजेचं उदाहरण देते, मला तेच सुचतं. वानलेस साहेबांनी, म्हणजे तिथल्या मिशनरी डॉक्टरांनी, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, आणि शिकवणं त्या दवाखान्याच्या अंगाने उभं राहिलं, आधी खाटा आणि मग वर्ग. इथे अमेरिकेतही पूर्वी तसंच होतं, नर्सिंगच्या शाळा हॉस्पिटलांच्याच असायच्या, कॉलेज-युनिव्हर्सिटीत हे शिक्षण सरकलं ते नंतर. तुम्ही उलट करताय. तुमच्याकडे वर्ग आहे, लॅब आहे, सुंदर लायब्ररी आहे, खाट एकही नाही. नर्सिंगमध्ये जागा किती हे तुमच्या वर्गातल्या खुर्च्यांवर ठरत नाही, आजूबाजूच्या हॉस्पिटलांनी मंगळवारी सकाळी सात वाजता किती मुलं आत घ्यायची कबुली दिलीय त्यावर ठरतं. आणि नुसती मुलं घेऊन भागत नाही, मेडिकल-सर्जिकल वेगळं, बालरोग वेगळं, बाळंतपणाचा विभाग वेगळा, मानसोपचार वेगळं. पहिलं सगळ्यांकडे असतं. बाकीच्या तिघांवर मारामारी.

आमची फजिती सांगते. आमच्या गावापासून वीस मैलांवरचं हॉस्पिटल, त्यांच्या सीईओनी प्रेसिडेंटबरोबर फोटो काढला, हस्तांदोलन केलं, पेपरात बातमी आली. बातमीत "भागीदारी" होती, आकडा नव्हता. आम्ही आकडा विचारलाच नाही, विचारणं बरं दिसणार नाही असं वाटलं. पुढे बॅच तिसऱ्या वर्षाला पोचायच्या सुमारास त्या हॉस्पिटलनी बाळंतपणाचा विभागच बंद केला, ग्रामीण भागात हे सर्रास चाललंय, बाळंतपणं कमी, डॉक्टर मिळत नाहीत, परवडत नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात विचारलं तर तिथे आधीच कम्युनिटी कॉलेज, स्टेट युनिव्हर्सिटी आणि एक ऑनलाइन प्रोग्रॅम अशा तिघांची मुलं, आमच्यासाठी शनिवारची रात्रपाळी शिल्लक. शेवटी सत्तर मैलांवर जागा मिळाल्या. जानेवारीत पहाटे पावणेपाचला निघायचं, बर्फात, वीस वर्षांच्या पोरांनी स्वतः गाडी चालवत. एक सेमिस्टर मी रोज सकाळी फोन बघत बसायचे की कोणाचा अॅक्सिडेंट तर नाही ना. काही झालं नाही, पण ते नशीब, त्यात आमचं नियोजन काही नव्हतं.

मोठं शहर जवळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. फिलाडेल्फियाचं हानेमान हॉस्पिटल २०१९ मध्ये बंद पडलं, पाचशेहून जास्त रेझिडेंट डॉक्टर एका उन्हाळ्यात जागा शोधत हिंडत होते. तिथून जवळचं क्रोझर-चेस्टर हॉस्पिटल २०२५ मध्ये बंद झालं. असं एक हॉस्पिटल गेलं की तिथली मुलं उरलेल्या हॉस्पिटलांच्या दारात, आणि रांगेत सगळ्यात नवीन तुम्ही.

म्हणून कमिटीच्या पहिल्या मीटिंगला तुम्ही एकच कागद मागा. कोणतं हॉस्पिटल, कोणता विभाग, आठवड्यातला कोणता वार, कोणती पाळी, किती मुलं, किती वर्षांसाठी, खाली नर्सिंगच्या प्रमुखाची सही. सीईओची नाही बरं का, वॉर्ड चालवणाऱ्या बाईंची. सीईओ तीन वर्षांत बदलतो, आणि वॉर्डात तुमच्या मुलांना जागा द्यायची की नाही हे तसंही त्याच्या हातात नसतं. हा कागद दोन महिन्यांत आला तर पुढे बोलू. नाही आला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं, आणि तेही दोन महिन्यांत आणि फुकट.

यावर कोणीतरी हमखास म्हणेल, मग सिम्युलेशन लॅब करू, मॅनिकिनवर, म्हणजे पेशंटच्या पुतळ्यावर, शिकवू. बरोबर आहे, काही अंशी. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलचा २०१४ चा मोठा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिकण्याचे, निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशननी भरून काढले तरी मुलं कमी पडत नाहीत. पण त्या वाक्यातला "चांगल्या" हा शब्द डीन लोक वाचत नाहीत. शिकवायला ट्रेनिंग घेतलेली माणसं लागतात, प्रत्येक प्रसंगानंतर मुलांना बसवून काय झालं ते नीट उलगडावं लागतं, आणि किती तास चालतील हे राज्याचं बोर्ड ठरवतं. आमच्याकडे एका देणगीदाराने मॅनिकिनसाठी पैसे दिले, ते घेतलं, घाम गाळणारं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणारं भारीतलं मॅनिकिन, आणि डायरेक्टर नेमलेली नव्हती म्हणून ते चौदा महिने खोक्यात पडून होतं. जॅनिटर त्याला नावाने हाक मारायचा. मग डायरेक्टर आल्या आणि म्हणाल्या, मला हे नको होतं, याच्या निम्म्या पैशात साधी चार चालली असती.

आता शिक्षक. तुमच्या केमिस्ट्री लॅबमध्ये किती मुलं असतात, चोवीस? एका शिक्षकामागे चोवीस. क्लिनिकलमध्ये एका शिक्षकामागे बऱ्याच ठिकाणी जास्तीत जास्त दहा, काही हॉस्पिटलं म्हणतात आठच, काही वॉर्डात सहा. चाळीस मुलांची बॅच धरली तर आठाच्या हिशोबाने एका कोर्सला पाच क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असे कोर्स प्रत्येक सेमिस्टरला दोन-दोन. आणि ही माणसं आणायची कुठून? नर्सला वॉर्डात काम करून चांगले पैसे मिळतात, २०२४ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे रजिस्टर्ड नर्सचा मध्यम पगार वर्षाला ९३,६०० डॉलर, आणि शिकवायला तर मास्टर्स किंवा डॉक्टरेट झालेल्या लागतात, त्या नर्स प्रॅक्टिशनर म्हणून याहून बऱ्याच जास्त कमावतात. तुमच्या कॉलेजात इतिहासाच्या असिस्टंट प्रोफेसरला काय देतात ते तुम्हाला माहितीय. मग नर्सिंगवालीला त्याच्या दीडपट द्यावे लागतात, आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या इतिहासाच्या माणसाला ते कळतं, कारण छोट्या कॉलेजात सगळ्यांना सगळं कळतं. हे आधी उघड बोला. आमच्याकडे लपवलं, आणि पुढची तीन वर्षं फॅकल्टी मीटिंगमध्ये कुठलाही विषय निघाला तरी खरा विषय तोच असायचा.

आत्म्याच्या मुद्द्यावर येते. मला हा आरोप निम्मा पटतो. निम्मा पटत नाही कारण नर्सिंग आणि लिबरल आर्ट्स यांचं वैर आहे हे खरंच नाही. सेंट ओलाफ, लूथर, गॉशेन, होप, इलिनॉय वेस्लियन, बेरिया, ही सगळी नावाजलेली छोटी कॉलेजं आणि सगळ्यांकडे नर्सिंग आहे, त्यांचा आत्मा काही कोणी लिलावात काढलेला नाही. मरणाऱ्या माणसाच्या मुलीला काय सांगायचं, स्पॅनिश बोलणाऱ्या आजीची परवानगी घेतली म्हणजे नक्की काय घेतलं, औषधाच्या अभ्यासातला आकडा खरा की फुगवलेला, हे शिकवायला तत्त्वज्ञान, भाषा, संख्याशास्त्र या डिपार्टमेंट्स लागतातच. आमच्याकडचा मेडिकल एथिक्सचा कोर्स एक कांटवाले (तत्त्वज्ञ कांटचा अभ्यास करणारे) गृहस्थ शिकवतात, त्यांना वाटलेलं नर्सिंगच्या पोरी झोपतील. त्याच पोरी शनिवारी रात्री वॉर्डात बघितलेली केस घेऊन सोमवारी वर्गात येतात आणि गृहस्थांना घाम फोडतात.

आणि निम्मा पटतो तो असा. १२० क्रेडिट्समध्ये सायन्स आणि नर्सिंग मिळून इतकी जागा खातात की उरतं थोडंसंच, आणि मग हळूच कोणीतरी म्हणतं की नर्सिंगवाल्यांना भाषेची अट माफ करू या, मग सेमिनारची, मग परदेशी जायची. असं करत करत एकाच कॅम्पसवर दोन कॉलेजं होतात. यावर उपाय एकच मला दिसला, मंजुरी देतानाच फॅकल्टीने लिहून ठेवायचं की कोअर, म्हणजे सक्तीचे सामाईक कोर्स, सगळ्यांना सारखा, आणि त्यासाठी बाकीच्या डिपार्टमेंट्सनी आपले कोर्स क्लिनिकलच्या वेळा सोडून लावायचे. दोघांनी थोडं थोडं सरकायचं. म्हणजे इंग्लिशचा सेमिनार मंगळवारी सकाळी नाही, सोमवारी दुपारी. ऐकायला किरकोळ वाटतं, आमच्याकडे यावर दोन वर्षं भांडण चाललं.

वेळेचं अजून एक. छोट्या कॉलेजांत निम्मीशिम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या टीममध्ये असतात, अॅडमिशनच त्यावर चालतात. क्लिनिकल चुकवता येत नाही आणि मॅचही चुकवता येत नाही. आमच्याकडे एक क्रॉस कंट्री पळणारी मुलगी होती, हुशार, तिला अॅडमिशनवाल्यांनी सांगितलेलं "दोन्ही होईल". झालं नाही. ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या ऑफिसात बसून रडली, पळणं सोडलं तर स्कॉलरशिपचा काही भाग जाणार, आणि नर्सिंग सोडलं तर घरच्यांना काय सांगायचं. कोच, नर्सिंगची डायरेक्टर आणि अॅडमिशनचा माणूस यांना एका खोलीत बसवून, कोणत्या टीमला कोणता वार मोकळा मिळेल हे ठरवल्याशिवाय एकाही मुलाला "दोन्ही होईल" म्हणू नये.

त्या मुलीवरूनच पुढचं, आणि माझ्या मते हे कमिट्या सगळ्यात जास्त विसरतात. नर्सिंगमधून गळणाऱ्या मुलांचं काय? कारण गळणार. फिजिऑलॉजीत सी प्लस आला नाही, दोनदा आला नाही, की बहुतेक प्रोग्रॅममधून बाहेर. ती मुलगी वाईट विद्यार्थिनी नसते, फक्त तिला ते जमलं नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीत तिला दुसरे पन्नास रस्ते. तुमच्याकडे रस्ता नसेल तर ती कॉलेज सोडून जाते, कर्ज घेऊन, डिग्रीशिवाय. म्हणजे तुम्ही मुलं वाढवायला नर्सिंग काढलं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तीच मुलं घालवली. यासाठी नर्सिंगच्या आधी, निदान बरोबरीने तरी, असा एक मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) हवा ज्यात तिचे झालेले कोर्स वाया जात नाहीत, पब्लिक हेल्थ म्हणा, सायकॉलॉजीला जोडलेलं काही म्हणा. आमच्याकडे पब्लिक हेल्थ आधीपासून होतं ते योगायोगाने, पण त्याने आम्हाला वाचवलं. ती क्रॉस कंट्रीवाली पब्लिक हेल्थमध्ये गेली, आता काउंटीच्या आरोग्य खात्यात आहे, आणि अजून पळते.

इथवरचं एका दमात: नर्सिंगला सहा वर्षं लागतात, त्याची खरी मर्यादा हॉस्पिटलच्या जागा आणि शिकवणाऱ्या नर्सेस ही आहे, आणि गळणाऱ्यांसाठी दार आधी करायचं. आता बाकीच्या दोन गोष्टी.

पब्लिक हेल्थ करा, डोळे मिटून करा. त्याला लायसन्स लागत नाही, हॉस्पिटल लागत नाही, आणि बहुतेक कोर्स तुमच्याकडे आधीच आहेत. आम्ही सुरू केलं तेव्हा नवीन दोनच कोर्स लिहिले, एपिडेमिऑलॉजीची ओळख आणि शेवटच्या वर्षाचं फील्डवर्क, बाकी सगळं सोशिऑलॉजी, बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्समधून. एक अट, मुलांना स्पष्ट सांगायचं की या डिग्रीवर उद्या कोणी तुम्हाला पेशंटला हात लावू देणार नाही. "हेल्थ सायन्सेस" असं गुळमुळीत नाव देऊन काढलेल्या मेजरमध्ये हेच होतं, आईबापांना वाटतं पोरगी मेडिकलला आहे.

दुसऱ्या युनिव्हर्सिटीशी करार, तीन वर्षं तुमच्याकडे आणि दोन त्यांच्याकडे वगैरे, हे माहितीपत्रकात छान दिसतं. करा, पण दोन गोष्टी बघा. चौथ्या वर्षी मूल निघून गेलं की त्याची चौथ्या वर्षाची ट्युशनही गेली. आणि करारात जागा राखून ठेवलेली आहे की फक्त "अर्ज विचारात घेऊ" एवढंच आहे? बहुतेक वेळा दुसरंच असतं, आणि अर्ज तर ते कोणाचाही विचारात घेतात.

फिजिशियन असिस्टंट (पीए), फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी: तुमच्या आकाराच्या कॉलेजने आत्ता नाही. आम्ही का सोडलं ते सांगते. हे सगळं बॅचलर्सच्या वरचं आहे, पीएला मास्टर्स लागतं, फिजिकल थेरपीला डॉक्टरेट. अॅथलेटिक ट्रेनिंग हे पूर्वी छोट्या कॉलेजांचं हक्काचं बॅचलर्स होतं, तेही आता मास्टर्सवर गेलंय, २०२२ पासून बॅचलर्सला नवीन प्रवेश बंद. पीएला एआरसी-पीए या मान्यता देणाऱ्या संस्थेची प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, मान्यता मिळेपर्यंत एकही विद्यार्थी घेता येत नाही, पण त्याआधीच डायरेक्टर, मेडिकल डायरेक्टर, मुख्य फॅकल्टी पगारावर. आणि क्लिनिकल रोटेशनसाठी त्याच डॉक्टरांच्या दारात तुमच्या आजूबाजूच्या मेडिकल स्कूलची मुलं. आम्ही सल्लागाराला पैसे दिले, त्याने रंगीत तक्ते दिले, त्यात रोटेशनच्या जागांसमोर "निश्चित होतील" असं लिहिलेलं. आमच्या फायनान्सच्या बाईंनी विचारलं, कोणाकडून? तिथे संपलं. शिवाय आता २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना बॅचलर्सच्या पुढच्या शिक्षणाचं ग्रॅड प्लस नावाचं फेडरल कर्ज बंद, ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच, आणि "प्रोफेशनल" डिग्री असेल तर ५०,०००. कोणती डिग्री कुठल्या रकान्यात बसते यावर अख्खं गणित बदलतं. पूर्वी कॉलेजं ट्युशन वाटेल ती लावायची आणि मुलं कर्ज काढायची, त्या भरवशावर काढलेली एक्सेल शीट तुमच्या कमिटीपुढे आली तर तारीख बघा कधीची आहे.

मग नर्सिंगला हो कधी म्हणायचं? परिस्थितीवर आहे, आणि इथे मी लांबून सांगू शकत नाही. तीसेक मैलांत एखादी हॉस्पिटलची साखळी असेल जिला स्वतःलाच नर्सेस मिळत नाहीयेत, ती नुसती जागा नाही तर आपल्या नर्सेसना तुमच्याकडे शिकवायला अर्धवेळ सोडायला तयार असेल, त्यांचा अर्धा पगार तीच देत असेल, तर डोळसपणे हो म्हणा. कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांची डिग्री घेऊन नर्स झालेल्यांसाठी बॅचलर्स पूर्ण करायचा कोर्स, हाही एक मार्ग असतो, त्यांचं लायसन्स आधीच झालेलं असतं त्यामुळे क्लिनिकलचा ताण फार कमी. पण त्यात ऑनलाइनवाल्यांशी स्पर्धा आहे आणि ते खूप स्वस्त देतात. कॉलेजकडे सहा वर्षं तोटा सोसायला पैसे बाजूला नसतील तर मात्र कितीही प्रेम असलं तरी नाही. अर्ध्यात बंद पडलेला नर्सिंगचा प्रोग्रॅम मी एका ठिकाणी बघितलाय. मुलांना दुसरीकडे पोचवता पोचवता त्या लोकांचे हाल झाले, आणि कॉलेजचं नाव पंचक्रोशीत खराब झालं.

आता तुमचं. टेन्युअर नाही, केमिस्ट्री शिकवता, कमिटीवर घातलंय. जा. नाही म्हटलंत तरी हे वादळ तुमच्या लॅबवर येणारच आहे, कारण नर्सिंगच्या प्रत्येक मुलाला जनरल-ऑरगॅनिक-बायोकेम एका सेमिस्टरमध्ये कोंबलेला तो कोर्स लागतो, आणि तो तुम्हालाच शिकवावा लागणार. चाळीस मुलं वाढली म्हणजे दोन लॅब सेक्शन वाढले. माझ्याकडे हेच झालं, अॅनाटमीचे दोनाचे पाच सेक्शन झाले, आणि मी पंधरा वर्षं शिकवत असलेला न्यूरोबायॉलॉजीचा वरच्या वर्षाचा कोर्स "सध्या थांबवू" म्हणून थांबवला तो आजतागायत थांबलाय. मला त्याचं अजून वाईट वाटतं, खरं सांगायचं तर. म्हणून प्रस्तावात नर्सिंगच्या शिक्षकांबरोबर केमिस्ट्री आणि बायॉलॉजीची प्रत्येकी एक कायमची जागा आत्ताच लिहून घ्या, अॅडजंक्ट नाही, कायमची. प्रोग्रॅम मंजूर झाल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.

आणि डीनकडून एक पत्र घ्या, की या कमिटीचं काम टेन्युअरच्या फाइलमध्ये सर्व्हिस म्हणून धरलं जाईल आणि त्या वर्षी एक कोर्स कमी मिळेल. तोंडी नको. आमचे डीन त्या सहा वर्षांत तीन झाले, तिसऱ्याला पहिल्याने काय कबूल केलं होतं याचा पत्ताच नव्हता, मी पहिल्याची ईमेल छापून ठेवली होती म्हणून निभावलं.

हॉस्पिटलवाला कागद मागितल्यावर डीन काय म्हणाले ते कळवा. त्यांनी कागदाऐवजी मॅनिकिनचा कॅटलॉग दाखवला तर लगेच कळवा.